सारजाची उलटी भिंत

धामणखेडच्या भाजी मंडईची दर्शनी भिंत बघायला लांबून लोक येतात आणि भिंतीसमोर उभं राहून विचारतात, "ती प्रसिद्ध भिंत कुठाय?"

भिंत समोरच असते. शंभर हात लांब, दोन पुरुष उंच, भाजलेल्या विटेची. पण तिच्यावर काहीच नाही. कमान नाही, जाळी नाही, वळचणीला विटांच्या दातऱ्या नाहीत, साधी एक वेलबुट्टी नाही. फक्त वरून दुसऱ्या थरात डावीकडे एका विटेएवढं भोक आहे, आणि त्या भोकाखाली बांबूची एक शिडी टेकवून ठेवलेली आहे. शिडीवर कुणी चढत नाही. मेथीवाल्या बायका तिला पिशव्या अडकवतात.

शिडीच्या पायाशी लिंबाजीतात्या लसूण विकतात. वय ऐंशीच्या पुढं. बुडाखाली गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी टणक घेऊन बसतात. पाहुणे गोंधळलेले दिसले, की तात्या मान वर न करता सांगतात, "जिल्ह्यातली सगळ्यात देखणी इमारत हाय ही. आतनं."

"मग आत कुठून जायचं?"

"आत म्हंजी भिंतीच्या आत."

पाहुणे एकमेकांकडं बघतात. आपली कुणीतरी फिरकी घेतंय असं त्यांना वाटतं. तात्या लसणाची एक गड्डी उचलतात, फोडतात आणि सांगायला लागतात.

फार वर्षांमागं, धामणखेडला नगरपालिका नवीनच झाली होती, तेव्हाची गोष्ट. वाकी नदीच्या काठाला कुंभारांची वीसेक घरं होती आणि घरांसमोर गाळाचा एक लांब पट्टा. माती अशी, की मुठीत धरली तर हाताच्या रेघा उमटायच्या. कुंभार पिढ्यान्‌पिढ्या तीच माती उचलत आले होते, पण कागदावर पट्टा कुणाच्याच नावाचा नव्हता. नगरपालिका झाली तसा कागद आला, आणि कागदाबरोबर एक कौलांचा कारखानावालाही आला. त्याला तोच पट्टा हवा होता.

कुंभारवाड्यात तेव्हा सारजा नावाची बाई होती. नवरा वारलेला, भट्टी तिनंच सांभाळलेली. बाकीचे साध्या विटा पाडायचे. सारजा मात्र सागाच्या फळीत नक्षी खोदून साचे बनवायची आणि त्यातून फुलांच्या, कोयरीच्या, पोपटांच्या विटा काढायची. तिच्या विटेवरच्या पोपटाला कावळे चोची मारायचे, असं सांगतात. पोपटाचं काही बिघडलं नाही. दोन कावळे जखमी झाले.

तर नगराध्यक्ष होते वामनराव टिकोळे. त्यांना गावात मंडई बांधायची होती आणि मंडई अशी, की शेजारच्या गावच्या नगराध्यक्षाला जेवण जाऊ नये. ते कुंभारवाड्यात आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "सारजाबाई, मंडईच्या दर्शनी भिंतीला तुमच्या विटा लागतील. उद्घाटनाच्या दिवशी भिंत बघून लोकांनी तोंडात बोट घातलं, तर गाळाचा पट्टा कुंभारांच्या नावावर. नाही घातलं, तर कारखान्याला."

"कुणी कुणी बोट घालायचं?" सारजानं विचारलं.

"मी घातलं तरी पुरे," वामनराव म्हणाले.

भिंत बांधायचं काम हैबती मिस्त्रीकडं होतं. हैबती म्हणजे सारजाचा मानलेला भाऊ. सख्खा नव्हता, पण दर भाऊबीजेला तिच्या पाटावर बसायचा, आणि सारजाच्या नवऱ्याला नदीवर नेलं तेव्हा पहिला खांदा त्यानंच दिला होता. तीस वर्षं भिंती बांधत होता. त्यानं ओळंबा सोडला की वारासुद्धा थांबायचा म्हणे. सारजाला वाटलं, विटा आपल्या, हात दादाचा, आता काळजी कशाची.

आता इथं एक रीत सांगायला पाहिजे. कुंभार भट्टी लावतो, माती-राखेनं लिंपून बंद करतो, आणि मग ती निवून उघडेपर्यंत आत डोकावत नाही. किती का मन होईना. डोकावलं की माल तडकतो, असं मानतात. सारजा या बाबतीत फार कडक होती. तिनं मंडईची भिंतही भट्टीच धरली. वामनरावांना सांगून भिंतीसमोर बांबू उभे करवले, त्यावर गोणपाटं टांगली, पडद्याआड विटा एकट्या हैबतीनंच लावायच्या असं ठरवलं, आणि ग्रामदेवीपुढं शब्द दिला, की भिंत पुरी होऊन उघडेपर्यंत मी तिच्याकडं बघणार नाही. पाठ करून उभी राहीन.

आणि तसंच केलं. चार महिने. रोज गाढवांवर विटा लादून आणायची, मंडईच्या जागेवर आली की वळून उलटी चालायची, आणि पाठीमागं हात करून हैबतीला एकेक वीट द्यायची.

"ही शेवंती हाय, दादा. मधी लाव."

"हां."

"ह्यो पोपट. जोडीनं लाव, एकटा ठेवू नगंस. त्याला करमायचं न्हाई."

"हां, सारजे."

गाढवं भिंतीकडं बघायची. बघून काही बोलायची नाहीत. गाढवांनी त्या वेळी तोंड उघडलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं, असं तात्यांचं मत आहे.

अशा अकराशे विटा सारजानं पाठीमागं हात करून दिल्या.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. ताशा आला, पेढे आले, शेजारच्या गावचे नगराध्यक्ष आले आणि त्यांना मुद्दाम पुढच्या खुर्चीत बसवलं. कुंभारवाडा झाडून आला होता. सारजा नवं लुगडं नेसून भिंतीकडं पाठ करून उभी. वामनरावांनी दोरी ओढली. गोणपाट सळसळत खाली आलं.

आणि ताशा थांबला.

सारजाला वाटलं, लोक थक्क झाले. ती तशीच उभी राहिली, डोळे मिटून, त्या शांततेचा एकेक घोट घेत. असा किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग कुणीतरी फिसकन हसलं. शेजारच्या गावचे नगराध्यक्ष होते ते.

सारजानं वळून बघितलं.

शंभर हात कोरी भिंत. एक फूल नाही. एक पान नाही. पोपटाचं पीससुद्धा नाही. सांधे एकसारखे, थर दोरीत, कोपरे काटकोनात. इतकी सरळ भिंत धामणखेडात आजवर कुणी बघितली नव्हती, आणि त्या दिवशीही कुणी बघितली नाही. सगळे फुलं शोधत होते.

"हैबतीराव," वामनराव म्हणाले, "फुलं कुठायत?"

हैबती ओळंब्याची दोरी गुंडाळत होता. तो म्हणाला, "जेवढ्या इटा आल्या तेवढ्या लावल्या, सायेब."

"अकराशे दिल्या दादा तुला," सारजा म्हणाली. "ह्या हातानं."

हैबतीनं दोरी गुंडाळायची थांबवली नाही. "दिल्या असशील."

बास. एवढंच बोलला. कुंभारवाडा ओरडायला लागला, आम्ही बघितल्यात विटा, आम्ही भट्टी लावलीय. वामनराव म्हणाले, तुमची माणसं तुमच्याच बाजूनं बोलणार. शेजारचे नगराध्यक्ष उठून म्हणाले, की त्यांना भिंत फार आवडली. ते अगदी मनापासून म्हणाले, आणि त्यामुळं वामनरावांचं उरलंसुरलं डोकं फिरलं. पट्टा त्याच आठवड्यात कारखान्याला गेला.

सारजानं जागा पालथी घातली. कुठं फुटकी वीट, कुठं फुलाचा तुकडा, काही नाही. अकराशे विटा काही पदराखाली लपत नाहीत. दादानं त्यांचं काय केलं हे तिला कळेना, आणि का केलं हे तर त्याहून कळेना. रात्रंदिवस तोच एक शब्द कानात. असशील. दिल्या असशील. जणू ती कुणी वाटेवरची बाई.

त्या वर्षी भाऊबीजेला हैबती आला नाही. सारजानं पाट मांडला, रांगोळी काढली, पाटावर एक वीट ठेवली आणि तिला ओवाळलं. शेजारणी म्हणाल्या, अगं हे काय? सारजा म्हणाली, "भाऊ हाय. ठेवलं तिथं ऱ्हातो." विटेला करंजीही दिली म्हणे. ती मात्र मांजरानं खाल्ली.

यानंतर तिसऱ्या वर्षी गावातून हत्तीण चालली होती.

हत्तिणीचं नाव रंभा. कुठल्याशा संस्थानातल्या लग्नाला निघालेली. धामणखेडात पोचली आणि तिच्या पाठीला खाज सुटली. माहुतानं पाणी मारलं, झाडू मारला, विनवण्या केल्या. ती सरळ मामलेदार कचेरीच्या भिंतीला जाऊन टेकली आणि पाठ घासायला लागली. कचेरीची भिंत बसली. खाज गेली नाही. मग शाळेच्या भिंतीला टेकली. शाळेची भिंत बसली. पोरांनी हत्तिणीला सलाम ठोकला. अजून खाज तशीच. मग ती मंडईपाशी आली.

मंडईच्या भिंतीला ती टेकली आणि एक प्रहर घासत होती. भिंत हलली नाही. चुन्याचा कपचासुद्धा पडला नाही. रंभाची खाज गेली. तिनं समाधानानं सोंड वर केली, तिथं वरच्या थरात पिंपळाचं एक रोप उगवलं होतं, ते खायला म्हणून उपटलं. रोपाच्या मुळांबरोबर एक वीट आली.

हत्तिणीनं रोप खाल्लं आणि वीट खाली ठेवली. अगदी अलगद. नक्षी वर करून.

शेवंती होती.

अख्खं गाव विटेभोवती गोळा झालं. कुणीतरी शिडी आणली, भोकातून आत हात घातला. शेजारच्या विटेची आतली बाजू बोटांना लागली. पाकळ्या. त्याखालच्या विटेची. चोच. सगळं आतल्या बाजूला, चुन्यात रुतलेलं. अकराशेच्या अकराशे फुलं-पोपट हैबतीनं तोंड आत करून लावले होते. दोन हात जाड भिंतीच्या पोटात, जिथं माणसाची नजर कधी जाणार नाही. आणि नक्षीच्या खाचाखाचांत चुना मुरून सगळी भिंत अशी एकजीव झाली होती, की ती हत्तीलाही हलली नाही.

सारजा तिथंच होती. तिनं शेवंती उचलली, पदरानं पुसली. तिला वाटलं, आता झालं. आता दादा एक वाक्य बोलेल. सारजाच्या विटा आहेत, तिनं दिल्या होत्या, मी उलट्या लावल्या. कारखान्याचा पाया अजून भरला नव्हता. पट्टा तसाच पडून होता. एका वाक्याचं काम होतं.

वामनरावांनी हैबतीला बोलावलं. हैबती आला तो मान खाली घालून, मार खायच्या तयारीनं. आणि वामनरावांनी त्याला मिठी मारली.

"अरे काय डोकं चालवलंस, हैबती! नक्षी आत! भिंत लोखंड झाली लोखंड!" लगेच फेटा मागवला, नारळ मागवला. फेटा डोक्यावर चढला आणि वामनरावांनी सगळ्यांदेखत विचारलं, "पण ही युक्ती कुणाची?"

हैबतीनं गर्दीत बघितलं. सारजा समोर होती, शेवंती पोटाशी धरून. त्यानं तोंड उघडलं. ते तसं उघडं तोंड सारजानं नीट बघून घेतलं. फेटा, मिशा, आणि मधे ते भोक.

"आपलीच," हैबती म्हणाला.

टाळ्या पडल्या. विटा कुणाच्या हे कुणी विचारलं नाही, पट्ट्याचं नावही निघालं नाही. सारजानं वीट खाली ठेवली आणि घरी गेली. पहिल्या वेळी तिची फुलं गेली होती. या वेळी दादानं खोटं बोलून जे केलं ते बरोबरही ठरलं, आणि हे तिला जास्त लागलं. चुकलेल्या माणसावर निदान ओरडता तरी येतं.

पुढं कचेरी आणि शाळा नव्यानं बांधायची ठरली. हैबती पद्धतीनं. नक्षी आत. नक्षीच्या विटा करणारी गावात एकच. वामनरावांचा माणूस सारजाच्या दारात आला आणि म्हणाला, नऊ हजार लागतील.

"नक्षी कसली पाहिजे?" सारजानं विचारलं.

"कसली का असंना. दिसायची थोडीच हाय."

"बरं," सारजा म्हणाली.

आता पट्ट्यावर कारखान्याचं कुंपण पडलं होतं. तीन कोसांवरनं गाढवांनी माती आणायची ती. तरी तिनं घेतलं काम. सागाची नवी फळी काढली आणि आठ दिवस खोदत बसली.

शाळेच्या भिंतीची पहिली वीट हैबतीनं हातात घेतली. नक्षीवर चुना थापायला म्हणून उलटी केली आणि थापी तशीच हवेत राहिली. विटेवर तो स्वतः होता. फेटा बांधलेला, मिशांसकट, आणि तोंड हे एवढं उघडं. त्या दिवशीसारखं.

त्यानं दुसरी वीट उचलली. तोच. तिसरी. तोच. गाढवांच्या पाठीवर चारशे हैबती आ वासून बसले होते.

ती नक्षी अशी केलेली, की उघड्या तोंडाच्या जागी खोल खळगा. तो चुन्यानं ठासून भरल्याशिवाय वीट धरायची नाही. म्हणजे प्रत्येक वीट लावायची तर आधी स्वतःच्या तोंडात चुना भरायचा, तोंड बंद करायचं आणि मगच पुढं जायचं. एकदा, दोनदा नाही. नऊ हजार वेळा.

हैबतीनं बाकीच्या गवंड्यांना चुना मळायला पाठवलं आणि विटा एकट्यानं लावायला घेतल्या. कुणी बघायला नको. लोक म्हणाले, काय निष्ठा आहे! वामनरावांनी आणखी एक नारळ दिला. एकदा त्यानं चेहरे खरवडून बघितले. खरवडलेल्या विटांचा थर चार दिवसांत पोट काढून बाहेर आला. परत उतरवावा लागला. सारजा त्या दिवशी विटा घेऊन आली होती. आता ती पाठ करून उभी राहायची नाही. तोंड समोर करून, एकेक वीट त्याच्या हातात द्यायची.

"ही जरा हसरी हाय, दादा. मधी लाव."

हैबती खळग्यात चुना ठासायचा.

शाळा झाली. कचेरी सुरू झाली. हैबती वाळत चालला. त्याची बायको सांगायची, जेवताना घास तोंडापाशी नेतो आणि थांबतो, म्हणतो चुन्याचा वास येतोय. शेवटी एका सकाळी तो कुंभारवाड्यात आला. सारजा चिखल तुडवत होती.

"सारजे, पुरं कर आता."

"काय पुरं करू? ऑर्डर हाय नगरपालिकेची."

"दुसरं काढ कायबी. फुलं काढ. पोपट काढ."

"पोपट मेलं रं दादा. तू गाडलंस न्हवं का."

हैबती तिथंच चिखलाच्या कडेला बसला. म्हणाला, "तीस वर्सं भित्ती बांधल्या, सारजे. लोक दार बघत्यात, खिडकी बघत्यात, त्या खिडकीत बसलेली बाई बघत्यात. भित्त कुणी बघत न्हाई. तुझी फुलं लावली असती तर माझी भित्त परत दिसली नसती. म्हनलं एकदा, एकदाच, निस्ती भित्त बघू द्या की."

सारजा चिखल तुडवायची थांबली नाही. "मला सांगायचं हुतंस. मी म्हनलं असतं, लाव उलट्या."

हैबतीनं वर बघितलं. "खरंच म्हनली असतीस?"

"न्हाई," सारजा म्हणाली. "पन आज आपन भांडलेलं भाऊ-बहीन असतो. आता कोन हाय आपन?"

हैबतीनं पायाशी पडलेला चिखलाचा गोळा उचलून परत ठेवला.

"मंग मी काय करू?" त्यानं विचारलं.

"नाव घे. लोकांदेखत."

"कुणाचं?"

"ते आठवत नसंल तर उद्या पाचशे आनखी पाठवते."

पुढच्या गुरुवारी, भर बाजारात, हैबतीनं मंडईच्या भिंतीला शिडी लावली. हत्तिणीनं काढलेली शेवंतीची वीट काखेत मारून वर चढला. तिथून ओरडून त्यानं सगळं सांगितलं. विटा कुणाच्या, कुणी दिल्या, कुणी उलट्या लावल्या, कुणी "दिल्या असशील" म्हटलं, "आपलीच" कोण म्हणालं. फेटा काढून खाली टाकला. सगळा बाजार वर मान करून उभा. हैबती म्हणाला, "ही येक वीट मी सुलट लावतो. तोंड भाईर. पन तिनं ओ दिल्याबिगर लावनार न्हाई." आणि हाक मारली.

"सारजाऽऽ!"

सारजा बाजाराच्या टोकाला उभी होती, गाढवांची दोरी हातात. सगळी गर्दी तिच्याकडं वळली. तिला ऐकू गेलं होतं. तिचं तोंडही उघडलं, असं बघणारे सांगायचे. पण तेवढ्यात नदीकडून भोंगा वाजला. कौलांच्या कारखान्याचा. त्याच दिवशी सुरू झाला होता.

सारजानं नदीकडं बघितलं. धुरांड्यातून पहिला धूर निघत होता, तिच्या मातीचा. तिनं तोंड मिटलं.

"सारजाऽऽ!" हैबतीनं दुसऱ्यांदा हाक मारली. मग तिसऱ्यांदा.

सारजानं गाढवं वळवली आणि ती चालू लागली. सरळ, तोंड पुढं करून. मागं बघितलं नाही.

हैबती ऊन उतरेपर्यंत वीट हातात धरून शिडीवर उभा होता. पुढच्या गुरुवारी परत चढला. त्याच्या पुढच्याही. सारजा बाजाराला यायची, वांगी घ्यायची, हाक ऐकायची, जायची. कुणी म्हणतात बारा वर्षं चाललं. कुणी म्हणतात ती आधी गेली, आणि तरी तो हाक मारत राहिला. कचेरी मात्र पुरी झाली. शेवटच्या खेपेतल्या विटांवर काय होतं, हे हैबतीनं कुणालाच सांगितलं नाही. बायको सांगायची, त्या दिवशी तो घरी येऊन पोटभर जेवला आणि मग रडला.

तेव्हापासून धामणखेडच्या गवंड्यांनी दोन गोष्टी धरल्या. एक, नक्षी आत. त्यामुळं धामणखेड हे बाहेरून जिल्ह्यातलं सगळ्यात रुक्ष शहर आहे. तिथलं एखादं सुंदर घर बघायचं असेल तर ते पडायची वाट बघावी लागते. रस्ता रुंद करताना जुनी शाळा पाडली, तेव्हा पहिला घाव बसला आणि भिंतीतून शेकडो हैबती तोंड वासून बाहेर बघायला लागले. बुलडोझरवाला उडी मारून पळाला, तो अजून यंत्र न्यायला आलेला नाही.

आणि दुसरी गोष्ट, पहिली वीट लावायच्या आधी ती ज्यानं पाडली त्याच्या नावानं हाक मारायची. ओ आल्याशिवाय थापी उचलायची नाही. आजही धामणखेडात हे पाळतात. कुंभार होते तोवर सोपं होतं. आता विटा येतात दूरच्या कारखान्यातून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. मग मिस्त्री प्लास्टिकवरचा नंबर लावतो आणि फोन स्पीकरवर टाकतो. पलीकडून एखादी मुलगी विचारते, मी आपली काय मदत करू शकते?

"ताई, ओ द्या."

"सर, आपली तक्रार काय आहे?"

"तक्रार न्हाई. तुमच्या इटा लावतोय. ओ द्या फकस्त."

मुलगी होल्डवर ठेवते. बासरी वाजते. गवंडी, बिगारी, घरमालक, पूजेला आलेले भटजी, सगळे उन्हात थांबतात. मुलगी साहेबांना विचारते, साहेब त्यांच्या साहेबांना. कधी अर्धा दिवस जातो. मग कधीतरी फोनमधून अगदी बारीक, घाबरलेला आवाज येतो, "ओ?" आणि काम सुरू होतं.

इथपर्यंत येता येता तात्यांची गड्डी सोलून होते. पाहुण्यांपैकी कुणीतरी हसत असतं. कुणीतरी भोकाकडं बघत असतं.

"आणि ती शेवंतीची वीट?"

तात्या बुडाखालचं गोणपाट थापटतात. उघडून दाखवत नाहीत. तात्या हैबतीचे पणतू. वीट त्यांच्याकडं वारशानं आली, आणि विटेबरोबर कामही. आजही दर गुरुवारी बाजार भरात आला, की तात्या भिंतीला हात टेकून उभे राहतात आणि हाक मारतात, "सारजाआज्जीऽऽ!" मग लसणाची एक गड्डी सोलून होईपर्यंत वाट बघतात. मेथीवाल्या तेवढा वेळ भाव सांगायचं थांबवतात. मग तात्या खाली बसतात.

एकदा सहलीला आलेल्या एका बाईंनी गंमत म्हणून मागून "ओ" दिली होती. सगळी मंडई त्यांच्याकडं बघायला लागली. तात्या म्हणाले, "तुमी न्हाई बाई. तुमचं काय घेतलंय आमी?" बाईंनी निमूटपणे अर्धा किलो लसूण घेतला.

"तात्या, शंभर वर्षं झाली असतील," पाहुणे म्हणतात. "आता कुठून येणार ओ?"

"न्हाई आली तर न्हाई आली. तिची मर्जी."

"आणि आलीच तर?"

तात्या शिडीला अडकवलेल्या मेथीच्या पिशव्या जरा बाजूला सारतात आणि खालचा बांबू हलवून बघतात, पक्का आहे ना. दर पावसाळ्यानंतर नवीन घेतात म्हणे.

"शिडी तयार हाय," तात्या म्हणतात.